'हँड' या शब्दावरील इंग्रजी वाक्प्रचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या विद्यालयात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळात विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न एका वहीत टिपून ठेवण्याची सवय मला लागली होती. निवृत्तीनंतर त्या वहीत कचेऱ्यांतील कारकुनांचे, बोटीवर नोकरीसाठी निघालेल्या तरुणांचे आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांचे प्रश्नही जमा झाले. वही चाळताना असे दिसले की 'हेड', 'आय' आणि 'हार्ट' या शब्दांपेक्षा 'हँड' या शब्दाने लोकांना अधिक अडवले आहे. मराठीतही हातावरून तयार झालेल्या वाक्प्रचारांची रेलचेल असल्यामुळे इंग्रजी वाक्प्रचार ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीच्या भरवशावर केलेला अर्थ बहुधा चुकतो. त्या प्रश्नांपैकी जे पुन्हापुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : 'हँड'चे इतके अर्थ लक्षात ठेवायचे तरी कसे? काही सूत्र आहे का?

एक सूत्र आहे, आणि ते मराठीतूनच समजून घेता येते. 'काम हातात आहे', 'पैसे हाती आले', 'हातावर पोट आहे', 'हाताला काम नाही', 'हाताखाली चार माणसे आहेत', 'प्रकरण हाताबाहेर गेले' आणि 'हातचे राखून बोलतो' ही वाक्ये पाहा. सगळीकडे हात तोच आहे. बदलला आहे तो त्याला लागलेला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि अर्थ त्यानेच ठरवला आहे. इंग्रजीत हेच काम 'इन', 'ऑन', 'ॲट', 'टु', 'ऑफ', 'आउट ऑफ' आणि 'अंडर' हे शब्द करतात, फक्त ते नामाच्या आधी येतात. म्हणून वाक्य वाचताना नजर 'हँड'वर न ठेवता त्याच्या आधीच्या लहानशा शब्दावर ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी की 'हँड'च्या आधी 'अ' आहे, 'माय' किंवा 'युअर' आहे, की काहीच नाही, हेही पाहावे लागते. 'गिव्ह मी अ हँड' म्हणजे मला मदत करा. 'गिव्ह मी युअर हँड' म्हणजे तुमचा हात माझ्या हातात द्या, आणि जुन्या नाटकी इंग्रजीत तर ती चक्क लग्नाची मागणी असू शकते. 'द वर्क इज इन हँड' म्हणजे काम सुरू आहे, तर 'द वर्क इज इन युअर हँड्स' म्हणजे कामाची जबाबदारी आता तुमच्यावर आहे. ज्याने दुसरे वाक्य लिहिले त्याला काम सुरू झाल्याचे आश्वासन द्यायचे असेल, तर वाचणाऱ्याचा समज नेमका उलटा होईल.

प्रश्न : 'इन हँड', 'ॲट हँड', 'ऑन हँड' आणि 'टु हँड' यांत फरक काय?

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे.

'इन हँड' या शब्दांत ताबा आहे. 'कॅश इन हँड' म्हणजे जवळ असलेली रोख रक्कम. जमाखर्चाच्या वहीत आपण तिला रोख शिल्लक म्हणतो. 'द मॅटर इन हँड' म्हणजे सध्या विचारात असलेला विषय. 'द सिच्युएशन इज वेल इन हँड' म्हणजे परिस्थिती आटोक्यात आहे. आणि ज्या प्रदेशात फुटबॉलच्या गुणतक्त्यावर घराघरांत वाद होतात, तेथे 'अ गेम इन हँड' हा प्रयोग माहीत असलाच पाहिजे. त्याचा अर्थ जिंकत आणलेला सामना असा नसून, इतरांच्या तुलनेत त्या संघाचा एक सामना अजून खेळायचा शिल्लक आहे, असा होतो.

'ॲट हँड' या शब्दांत जवळीक आहे, मग ती जागेची असो वा काळाची. येथे मराठीची वाट वेगळी आहे. जवळ आलेला काळ इंग्रजीत हाताशी येतो आणि आपल्याकडे तोंडावर येतो. 'चतुर्थी तोंडावर आली' या वाक्यासाठी इंग्रजीत 'द फेस्टिव्हल इज ॲट हँड' म्हणावे लागते; त्यात तोंड आणले तर वाक्य हास्यास्पद होईल. जागेच्या बाबतीत मात्र 'हाताशी' हा मराठी शब्द 'ॲट हँड'ला बरोबर जुळतो.

'ऑन हँड' म्हणजे गरज पडताच उपयोगी यावे म्हणून हजर किंवा शिल्लक असलेले. सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेला डॉक्टर 'ऑन हँड' असतात, आणि दुकानातील शिल्लक मालाला 'स्टॉक ऑन हँड' म्हणतात. पण याच प्रयोगात 'माय' शिरला की अर्थ बिघडतो : 'आय हॅव अ प्रॉब्लेम ऑन माय हँड्स' म्हणजे एक कटकट माझ्या गळ्यात पडली आहे. 'टाइम ऑन माय हँड्स' म्हणजे करायला काही नसल्याने अंगावर आलेला वेळ.

'टु हँड' आता बराच मागे पडला आहे. जुन्या व्यापारी पत्रव्यवहारात 'युअर लेटर टु हँड' असे लिहीत आणि मराठी पत्रांत 'आपले पत्र हाती आले' असे लिहीत. दोन्ही एकाच ठेवणीची वाक्ये आहेत.

प्रश्न : 'आउट ऑफ हँड' म्हणजे हाताबाहेर. मग 'रिजेक्टेड आउट ऑफ हँड' याचा अर्थ 'हाताबाहेर नाकारले' असा होतो का?

होत नाही. हा वाक्प्रचार दोन निरनिराळे अर्थ वागवतो. 'द क्राउड गॉट आउट ऑफ हँड' म्हणजे जमाव हाताबाहेर गेला. येथे मराठी आणि इंग्रजी अगदी एका मापाची आहेत. परंतु 'रिजेक्ट', 'रिफ्यूज' किंवा 'डिसमिस' यांसारख्या नकाराच्या क्रियापदांमागे 'आउट ऑफ हँड' आले, तर त्याचा अर्थ 'विचारसुद्धा न करता, तिथल्या तिथे' असा होतो. आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचे तर अर्ज तडकाफडकी फेटाळला गेला. एका कचेरीतून आलेल्या अशा पत्राचे 'आपला अर्ज आमच्या अधिकाराबाहेर असल्याने नाकारण्यात येत आहे' असे भाषांतर मी पाहिले आहे. अर्जदार बिचारा पुढे कित्येक दिवस अधिकार असलेल्या वरच्या कचेरीचा शोध घेत राहिला.

प्रश्न : 'ऑन द अदर हँड' यात हात कोठून आला? आणि त्याआधी 'ऑन द वन हँड' लिहिलेच पाहिजे का?

येथे 'हँड'चा अर्थ बाजू असा आहे, आणि हे समजायला कोशाची गरज नाही. म्हार्दोळला किंवा मंगेशीला कोणालाही रस्ता विचारला तर 'देवळाकडून डाव्या हाताला वळा' असेच उत्तर मिळते. कोकणीत बोलणारा 'दाव्या हाताक' म्हणेल. त्या वाक्यात हात म्हणजे दिशा असते. इंग्रजीतही हात पूर्वापार बाजू दाखवत आला आहे, आणि 'ऑन द अदर हँड' म्हणजे 'दुसऱ्या बाजूने पाहता'. 'दुसऱ्या हातावर' हे भाषांतर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अजून भेटते, ते कृपया करू नये.

'ऑन द वन हँड' लिहिलेच पाहिजे असे नाही. मात्र ते लिहिले असेल, तर 'ऑन द अदर' आल्याशिवाय विधान पुरे होत नाही. तसेच दोन्ही बाजू खरोखरच परस्परविरुद्ध असाव्यात. 'तो हुशार आहे, ऑन द अदर हँड तो कष्टाळू आहे' हे वाक्य चुकीचे आहे, कारण त्यात दुसरी बाजू नाहीच.

प्रश्न : 'टु वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे हात धुऊन घेणे का?

मराठीत हात धुण्याचे निदान तीन वाक्प्रचार आहेत, आणि या इंग्रजी वाक्प्रचाराशी त्यांपैकी एकही जुळत नाही. 'हात धुऊन घेणे' म्हणजे संधी साधून लाभ उपटणे. 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे पिच्छा न सोडणे. 'हात धुऊन बसणे' म्हणजे एखादी वस्तू कायमची गमावणे. इंग्रजीत मात्र हात धुतले जातात ते जबाबदारी नाकारण्यासाठी. त्याला मराठीत 'हात झटकणे' किंवा 'काखा वर करणे' म्हणतात.

या वाक्प्रचाराचे मूळ बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. येशू ख्रिस्ताला मृत्युदंड द्यावा असा जमावाचा आग्रह असता रोमन सुभेदार पाँटियस पायलट याने लोकांसमोर पाणी मागवून हात धुतले आणि या रक्ताबाबत आपण निर्दोष आहोत असे जाहीर केले. गुड फ्रायडेच्या सुमारास चर्चमध्ये होणारे ख्रिस्ताच्या छळाचे प्रसंगदर्शन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दृश्य परिचित असेल. त्याने हात धुतले, पण शिक्षा थांबवली नाही. म्हणूनच या वाक्प्रचारात ठपक्याची एक छटा कायमची राहिली आहे. आपण स्वतःविषयी तो वापरला तर 'मी यातून अंग काढून घेतले' एवढाच सूर लागतो. दुसऱ्याविषयी वापरला की तो आरोप होतो.

माझ्या वर्गातील एका मुलाने निबंधात लिहिले होते : 'द डॉग वॉश्ड इट्स हँड्स अँड केम बिहाइंड मी.' कुत्रा हात धुऊन मागे लागला, असे त्याला म्हणायचे होते. मी गुण कापले, पण ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

प्रश्न : बसला हात दाखवला, याला 'आय शोड माय हँड टु द बस' म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही, जरी आपल्याकडे खासगी बस कोठेही हात दाखवल्यावर थांबत असली तरी. इंग्रजीत त्यासाठी 'आय फ्लॅग्ड डाउन द बस' असे म्हणतात. मराठीत हात दाखवण्याची व्याप्ती मोठी आहे : बसला दाखवतात, ज्योतिषाला दाखवतात, आणि 'दाखवतो तुला हात' म्हणून दमही देतात. 'हात दाखवून अवलक्षण' या म्हणीतला हात ज्योतिषाला दाखवलेला आहे. इंग्रजी 'टु शो वन्स हँड' यातील हात मात्र पत्त्यांच्या डावातला आहे. खेळाडूने हातात धरलेल्या पानांच्या समूहाला इंग्रजीत 'हँड' म्हणतात, आणि ती पाने प्रतिस्पर्ध्याला दाखवणे म्हणजे आपला बेत उघड करणे. वाटाघाटीत जो आधीच 'शोज हिज हँड', त्याला पुढे सौदा करायला काही उरत नाही.

येथे एक बारीक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. चतुर्थीच्या दिवसांत मूळ घरी जमलेली मंडळी रात्री ओसरीवर पत्ते कुटत बसते, तेव्हा 'किती हात झाले?' असा प्रश्न हमखास ऐकू येतो. सात-आठच्या खेळात हात 'करावे' लागतात, आणि न झालेले हात पुढच्या डावात ओढले जातात. तो हात म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकून झालेली फेरी जिंकणे. इंग्रजीत त्याला 'ट्रिक' म्हणतात. मांडवी नदीवरच्या कॅसिनोत ज्याला 'हँड' म्हणतात, तो आपला 'हात' नव्हे. ती आपली 'हातातली पाने'. शब्द एकच असल्यामुळे हा घोटाळा वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

पत्त्यांवरून आलेले आणखी काही वाक्प्रचार एकदाच सांगून टाकतो. 'टु ओव्हरप्ले वन्स हँड' म्हणजे आपल्या बळाचा फाजील अंदाज बांधून अति ताणणे. 'टु फोर्स समवन्स हँड' म्हणजे एखाद्याला त्याच्या मनात नसताना किंवा वेळेआधी निर्णय घ्यायला लावणे. 'टु प्ले इनटु समवन्स हँड्स' म्हणजे नकळत विरोधकाच्या पथ्यावर पडेल असे वागणे. 'पथ्यावर पडणे' हा मराठी प्रयोग येथे फार चपखल बसतो.

प्रश्न : 'रेड हँडेड' आणि 'रंगेहाथ' यांत काही फरक आहे का?

व्यवहारात नाही. इंग्रजीतला लाल रंग रक्ताचा आहे : ज्याचे हात अजून रक्ताने माखलेले आहेत असा अपराधी. ही कल्पना स्कॉटलंडच्या कायद्यातील आहे आणि १५व्या शतकापासून तेथील कायदेविषयक लेखनात ती आढळते. वॉल्टर स्कॉट हा मुळात वकील होता. १८१९च्या अखेरीस निघालेल्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीत त्याने हा शब्द वापरला आणि मग तो सर्वसामान्य इंग्रजीत रुळला. आज लाच घेताना सापळ्यात अडकलेल्याला 'रेड हँडेड' म्हणतात. सापळ्यातील नोटांना लावलेल्या पावडरीमुळे आरोपीची बोटे सोड्याच्या द्रावणात बुडवताच द्रावण गुलाबी होते, तेव्हा हा वाक्प्रचार जवळजवळ शब्दशः खरा ठरतो. पण त्याचा उगम तेथे नाही.

प्रश्न : 'हँड टु माउथ' म्हणजे हातावर पोट असणे, हे बरोबर आहे ना?

बऱ्याच अंशी बरोबर आहे. दोन्हींत हात आणि अन्न यांच्यामध्ये साठवण नाही. तरीही 'हातावर पोट' म्हटले की रोजंदारीवर राबणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, तर 'टु लिव्ह फ्रॉम हँड टु माउथ' हे कोणत्याही थरातील माणसाला लागू पडते. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या अनेकांची मिळकत थांबली. दारात ट्रक उभा असलेल्या माणसाचे हातावर पोट आहे असे आपण सहसा म्हणणार नाही. पण महिन्याची जुळवाजुळव करताना तो 'हँड टु माउथ' जगत होता, असे इंग्रजीत निःसंकोच लिहिता येते.

प्रश्न : बोटीवरच्या कामात 'ऑल हँड्स' हा शब्द सारखा येतो. ते हात कोणाचे?

ते हात म्हणजे माणसेच. इंग्रजीत काम करणाऱ्या माणसाला 'हँड' म्हणण्याची जुनी रीत आहे : शेतावरचा 'फार्म हँड', बोटीवरचा 'डेक हँड'. 'ऑल हँड्स ऑन डेक' हा मुळात सर्व खलाशांना डेकवर बोलावण्याचा हुकूम होता. आता कोणत्याही कामासाठी सगळ्यांनी झटावे असे सांगताना तो वापरतात. आपणही 'कामाला हात कमी पडतात' म्हणतोच. इंग्रजीत त्यालाच 'शॉर्ट हँडेड' म्हणतात. त्याचा 'शॉर्टहँड'शी, म्हणजे लघुलेखनाशी, काही संबंध नाही. तेथे 'हँड'चा अर्थ हस्ताक्षर असा आहे.

घराघरांतून तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, बाहेर पडलेल्या या प्रदेशात एक प्रयोग विशेष जपून वाचावा लागतो. 'द शिप वॉज लॉस्ट विथ ऑल हँड्स' म्हणजे जहाज बुडाले आणि त्यावरील एकही माणूस वाचला नाही. तो वाचताना 'सर्वांच्या मदतीने' असा अर्थ लागला तर किती अनर्थ होईल, हे सांगायला नको.

'हँड ओव्हर फिस्ट' हाही दर्यावर्दी वाक्प्रचार आहे. दोर चढताना किंवा ओढताना एका हाताची मूठ पक्की धरून दुसरा हात पुढे टाकायचा, आणि ही क्रिया भराभर करत राहायची. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणाऱ्यांकडे पाहिले की मूठ आणि हात यांची ही जोडी समजते. आज तो मुख्यतः पैशाविषयी वापरला जातो : 'मेकिंग मनी हँड ओव्हर फिस्ट' म्हणजे झपाट्याने पैसा ओढणे. गंमत म्हणजे पैसा आपणही ओढतोच.

प्रश्न : सूत्रसंचालकाने 'गिव्ह हिम अ बिग हँड' म्हटले, तर मदत करायची की टाळ्या वाजवायच्या?

टाळ्या वाजवायच्या. 'हँड'च्या आधी 'बिग' आला की बहुतेक वेळा टाळ्या असतात, तो नसला की मदत असते. 'लेंड अ हँड' म्हणजेही मदतच. त्याला मराठीत 'हातभार लावणे' म्हणावे. हातउसने देणे हा मात्र वेगळा व्यवहार आहे, 'लेंड' शब्द पाहून तिकडे जाऊ नये.

प्रश्न : 'टु विन हँड्स डाउन' यात हात खाली आहेत, म्हणजे शरणागती का?

शरणागतीला इंग्रजीत हात वर होतात. खाली गेलेले हात घोडेस्वाराचे आहेत. शर्यतीत इतकी आघाडी मिळाली की घोड्याला आणखी पळवण्याची गरज नाही, असे दिसले की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेत असे. १९व्या शतकातील घोड्यांच्या शर्यतींतून हा प्रयोग आला. अर्थ : लीलया जिंकणे. 'हा तर माझ्या हातचा मळ' असे आपण म्हणतो, तो भाव याच्या जवळ जातो. गोव्यात घोड्यांच्या शर्यती नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे चित्र उभे करून दाखवावे लागते.

प्रश्न : 'अंडरहँड', 'ऑफहँड' आणि 'हाय हँडेड' यांचे नेमके अर्थ काय?

'अंडरहँड' म्हणजे लपूनछपून केलेले, कपटाचे. हाताखालचा कर्मचारी या अर्थाने 'अंडरहँड स्टाफ' असे लिहिणे हा आपल्याच सहकाऱ्यांवर केलेला आरोप ठरेल. त्यांना 'सबॉर्डिनेट स्टाफ' म्हणावे. 'ऑफहँड' दोन प्रकारे येतो : 'आय कान्ट से ऑफहँड' म्हणजे कागद पाहिल्याशिवाय मला एकदम सांगता येणार नाही, आणि 'ॲन ऑफहँड रिप्लाय' म्हणजे तोडून टाकल्यासारखे दिलेले उत्तर. 'हाय हँडेड' म्हणजे मनमानी करणारा. हडेलहप्पी हा शब्द त्याला छान शोभतो.

प्रश्न : 'अपर हँड' आणि 'हँड इन ग्लव्ह' यांना मराठीत काय म्हणावे?

पहिल्याला वरचष्मा, दुसऱ्याला साटेलोटे. बेसबॉलमध्ये बॅटवर हातावर हात ठेवत जाऊन कोणाचा हात वर राहतो हे पाहण्याच्या पद्धतीतून 'अपर हँड' आला, अशी कथा सांगतात. पण हा प्रयोग बेसबॉलपेक्षा कितीतरी जुना असल्याने ती टिकत नाही. 'हँड इन ग्लव्ह' पूर्वी निव्वळ घनिष्ठ मैत्रीलाही म्हणत. आता त्याला संगनमताचा वास येतो, म्हणून सत्कारपत्रात तो वापरू नये.

प्रश्न : लग्नासाठी हात मागणे ही इंग्रजी कल्पना आहे का?

'टु आस्क फॉर हर हँड' या वाक्प्रचाराला रूढ मराठी शब्द 'मागणी घालणे' हा आहे, आणि त्यात हाताचा उल्लेख नाही. परंतु विवाहात हाताला महत्त्व देणे हे काही बाहेरून आलेले नाही. पाणिग्रहण या संस्कृत शब्दाचा अर्थच हात धरणे असा आहे, आणि तो विवाहविधीचा भाग आहे. मुलीचे 'हात पिवळे करणे' हा प्रयोग हळदीवरून आला. फरक एवढाच की इंग्रजीत हात मागितला जातो वडिलांकडे, आणि आपल्या विधीत तो वधूचा धरला जातो.

प्रश्न : 'आय नो इट लाइक द बॅक ऑफ माय हँड' यात हाताची मागची बाजू का?

आपल्याला खूप परिचित गोष्ट तळहातावर दिसते, इंग्रजांना ती हाताच्या पाठीवर दिसते. अशा बाबतीत कारण शोधण्यापेक्षा फरक स्वीकारणे बरे. आपल्याकडील 'हस्तामलकवत्' हा जुना शब्द, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या आवळ्यासारखे स्वच्छ दिसणारे, हा या कल्पनेचा मला सर्वांत आवडता अवतार आहे. 'तळहाताच्या फोडासारखे जपणे' हे मात्र निराळे. तेथे ज्ञान नसून माया आहे.

प्रश्न : 'सेकंड हँड' म्हणजे जुने. मग 'फर्स्ट हँड' म्हणजे कोरे करकरीत का?

'सेकंड हँड' दुचाकी म्हणजे दुसऱ्याच्या हाताखालून गेलेली, हे आपण सर्व जाणतो, आणि हा शब्द आता मराठीच झाला आहे. 'फर्स्ट हँड' मात्र वस्तूला लावत नाहीत. ते माहितीला आणि अनुभवाला लावतात. 'फर्स्ट हँड अकाउंट' म्हणजे प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत, आणि 'सेकंड हँड' माहिती म्हणजे ऐकीव माहिती. घड्याळातला 'सेकंड हँड' हा तिसराच : तो सेकंद दाखवणारा काटा आहे. घड्याळाच्या काट्यांना इंग्रजीत 'हँड' म्हणतात.

प्रश्न : आमच्या घरातील वडीलधारी मंडळी पोर्तुगीज शिकलेली आहेत. त्या भाषेतील हाताचे वाक्प्रचार इंग्रजीसारखेच आहेत का?

काही आहेत. १९६१ पूर्वी लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या माध्यमिक विद्यालयात, शिकलेल्या माणसाला 'एं सेगुंद मांव' म्हणजे 'सेकंड हँड' हे समजावून सांगावे लागत नाही. पण 'आब्रीर मांव', म्हणजे शब्दशः हात उघडणे, याचा अर्थ पोर्तुगीजमध्ये हक्क किंवा वस्तू सोडून देणे असा होतो, तर इंग्रजी 'ओपन हँडेड' म्हणजे सढळ हाताचा, उदार. आणि चोराला मुद्देमालासह पकडण्याच्या एका पोर्तुगीज वाक्प्रचारात हात नसून तोंड आहे : कुंभाला तोंड लावलेले असताना पकडला, असे ते म्हणतात. आजोबांच्या मदतीने इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या नातवंडांनी एवढी काळजी घ्यावी.

प्रश्न : सरकारी पत्रात हे वाक्प्रचार वापरावेत का?

'कॅश इन हँड', 'स्टॉक ऑन हँड', 'हँड ओव्हर' यांसारखे प्रयोग परिभाषेचाच भाग आहेत, ते खुशाल वापरावेत. 'माय हँड्स आर टाइड' हा हात बांधलेले असल्याचा प्रयोग मराठीतही तंतोतंत आहे, परंतु पत्रात तो टाळावा आणि कोणत्या नियमामुळे काम करता येत नाही, ते नियमाचा क्रमांक देऊन सांगावे.

प्रश्न : 'हँड ऑफ गॉड' हा वाक्प्रचार आहे की केवळ मॅराडोनाचा गोल?

दोन्ही आहे. देवाचा हात ही कल्पना बायबलइतकी जुनी आहे, आणि आपण जिला 'देवाची करणी' म्हणतो, तशा घटनेविषयी ती इंग्रजीत वापरली जात असे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीतील ॲझ्टेका मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने चेंडू जाळ्यात घातला, पंचांना ते दिसले नाही, आणि अर्जेंटिनाने सामना २-१ असा जिंकला. तो गोल थोडा मॅराडोनाच्या डोक्याने आणि थोडा देवाच्या हाताने झाला, अशा आशयाचे उत्तर त्याने सामन्यानंतर दिले, आणि तेव्हापासून या शब्दांना लबाडीची छटा चिकटली. आज वर्तमानपत्रात क्रीडेच्या पानावर 'हँड ऑफ गॉड' दिसले, तर त्याचा अर्थ पंचांची नजर चुकवून मिळवलेला लाभ असा घ्यावा. धार्मिक लेखात दिसले, तर मूळचाच. सांगे, पेडणे वा सासष्टी, कोणत्याही गावच्या मैदानावर मात्र हा वाक्प्रचार भाषांतराशिवायच समजतो.